मंडळी मागून येतायत

रविवार, २ ऑक्टोबर
तिसरी 'ब'मध्ये आजपासून माझा 'भांडण सोडवा' कार्यक्रम सुरू. अख्ख्या सल्त गावात याचं ट्रेनिंग झालेला शाळा-समुपदेशक मी एकटाच. अम्मानला तीन दिवस, जेवणासकट. चार पायऱ्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिल्या: थांबा, श्वास घ्या, 'मला असं वाटतं' म्हणा, समोरच्याचं ऐका. पोरं अगदी शांत. नंतर कळलं, पुढचा तास खेळाचा होता.
सुहैर अजून माहेरीच, मादब्याला. हवापालट. तीन बॅगा नेल्यात, पण बायकांना कपडे लागतातच.

सोमवार, ३ ऑक्टोबर
पहिली केस. मुअतसिमने घैसचा बूट भिंतीपलीकडे फेकला. बूट खालच्या आळीतल्या कुणाच्या तरी गच्चीवर. दोघांना समोरासमोर बसवलं. मुअतसिम थांबला, श्वास घेतला आणि म्हणाला, मला असं वाटतं की घैस गाढव आहे. वाक्यरचना बरोबर होती. घैसने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग गुद्दा मारला. म्हणजे चौथी पायरीही झाली. नोंद: सहभाग उत्तम.
सुहैरला मेसेज: 'मला असं वाटतं की तू आता परत यावंस.' दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम.

गुरुवार, ६ ऑक्टोबर
मुअतसिम आणि घैस एकाच पिशवीतले फलाफल खाताना दिसले. मुख्याध्यापिका सित नजाह यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी नम्रपणे स्वीकारलं.
मग मुअतसिमला कोपऱ्यात घेऊन विचारलं, कुठली पायरी लागू पडली? म्हणाला, एकही नाही. काल त्याने वर्गातली सात पोरं जमवली, पाचवीतल्या चुलतभावाला पुढारी केलं, त्याच्या शर्टाची वरची गुंडी लावली आणि घैसच्या घरी जाहा, म्हणजे समेटाची मंडळी, नेली. घैसच्या वडिलांनी कॉफी पुढे ठेवली. एकानेही पेला ओठाला लावला नाही. पुढारी म्हणाला, आमच्या पोराचं चुकलं, तुमच्या दारी आलोय. वडील म्हणाले, मागाल ते दिलं, प्या. मग सगळे प्यायले. फार कडू होती, उस्ताज, असंही त्याने सांगितलं.
मंडळी जमवा, दारी जा, कॉफी निववत बसा. म्हाताऱ्यांचे खेळ. अहवालात 'चौथी पायरी' लिहिलं.

रविवार, ९ ऑक्टोबर
केस कापले. अबू हन्ना न्हाव्याने कात्री चालवता चालवता विषय काढलाच. बायको रुसून माहेरी गेली की मंडळी घेऊन जातात, उस्ताज, मेसेजवर येत नाही ती. मी म्हणालो, रुसलेली नाही, आणि तू तुझी कात्री सांभाळ. एका बाजूचे केस जास्तच गेलेत.
रात्री परत मसुराचं सूप. घरात फ्रिजचा आवाज ऐकू येतो. इतकी वर्षं यायचा का? मला करमत नाहीये.

मंगळवार, ११ ऑक्टोबर
निर्णय घेतला. स्थानिक पद्धतीचा अभ्यास म्हणून मंडळी न्यायची. फक्त अभ्यास म्हणून. सासऱ्यांना, अबू फव्वाजना, कळवलं: शुक्रवारी नमाजनंतर मंडळी घेऊन येतो. लगेच उत्तर: घर तुमचंच आहे.
आता माणसं. धाकटा भाऊ रायद? पुतण्याच्या लग्नाचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणून मी गेलो नव्हतो. तत्त्वाचा प्रश्न होता. वरच्या मजल्यावरचे? पार्किंगवरून पोलीस मीच बोलावले होते. मामा? त्यांचे सल्ले जुनाट आहेत हे त्यांना ईदच्या पंगतीत सांगितलंय. विज्ञानाच्या सरांना दुसऱ्याचं ऐकून घेता येत नाही, तसं तोंडावर सांगितलंय. अबू हन्ना आला असता.
उद्या बघू.

गुरुवार, १३ ऑक्टोबर
फोन बऱ्याचदा हातात घेतला. आठवड्याच्या शेवटी माणसं दमलेली असतात. त्रास कशाला द्या.
शिवाय एक समर्थ माणूस दहांना भारी असतो.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर
कुनाफ्याच्या मिठाईचा डबा घेऊन पोचलो. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा. एका रांगेत सुहैरचे काका-मामा, इस्त्रीच्या कपड्यांत. दुसरी रिकामी. आतून मनसफचा, दह्यातल्या मटण-भाताचा वास. मोठं पातेलं असणार.
अबू फव्वाजनी माझ्या पाठीमागे बघितलं आणि मंडळींचं विचारलं. मी म्हणालो, मागून येतायत, गाड्या लावतायत. त्या गल्लीत पार्किंगची खरोखरच अडचण आहे.
रिकाम्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसलो. कॉफी आली. ठेवली. अबू फव्वाज भला माणूस. दोनदा पोराला कोपऱ्यापर्यंत बघायला पाठवलं. दुसऱ्यांदा पोर परत आलं तेव्हा त्यांनी त्याला विचारलंसुद्धा नाही. तिसऱ्या प्रहरची, अस्रची बांग झाली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.
शेवटी सुहैर दारात आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, पानं घ्या. कोणी येणार नाहीये."
जेवलो. मटणाचे चांगले तुकडे सगळे माझ्या बाजूला सारले होते.

शनिवार, १५ ऑक्टोबर
सकाळी सुहैरचा फोन. मी 'मला असं वाटतं' म्हणून सुरुवात केली. तिने तोडलं.
"दहा जण नकोत मला. एक आणा. आमच्या दारात उभा राहून जो म्हणेल, मी ह्यांना ओळखतो, माणूस बरा आहे. त्याच दिवशी बॅगा भरते."
म्हणजे अट अगदी सोपी आहे. एकच माणूस.
दुपारी रायदच्या दुकानापर्यंत गेलो. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. तो दाणे भाजत होता. पोट सुटलंय त्याचं. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. त्याने मान वर केली, तेव्हा मी फोनमध्ये बघत राहिलो. थोड्या वेळाने हळूच पाहिलं, तर त्याचा हात वर होता.
माशी हाकलत असेल. घरी आलो.