चपलांपाशी भरलेली बैठक

मंगळवार, मोताळा. संध्याकाळ.

परदेशी साहेबांचं कौतुक माझ्या पेनाला सहसा जमत नाही. आज जमवावं लागतंय.

रोहिणखेडच्या बैठकीत सार्वजनिक नळाची जागा ठरली, पानठेल्याजवळ. बायांनीही माना डोलावल्या. दुभाषा म्हणून मी 'सगळे राजी' असं सांगून मोकळा झालो. पैसा देणाऱ्या संस्थेच्या डॅनिश व्यवस्थापक कर्स्टन बाई मात्र बाहेर चपलांच्या ढिगापाशी बुटाची नाडी बांधत बसल्या. बांधायच्या, सोडायच्या. मला वाटलं, एवढं शिकून नाडी येत नाही?

तेवढ्यात बैठकीतल्या बायांपैकी शकीलाआपा शेजारी टेकल्या. "भाऊ, मॅडमले सांगा, तिथं आमी पान्याले जानार नाही. ठेल्यावर दिवसभर बाप्ये बसून राह्यतात."

"मंग आत काऊन नाही बोलल्या?"

"आत सासरे होते न. तुमी बोलता काय सासऱ्यासमोर?"

मी तर बायकोसमोरही बोलत नाही, पण ते राहू दे.

भाषांतर ऐकून बाईंनी नाडी पुन्हा सोडली (म्हणजे मुद्दामच? कुठे शिकल्या असतील?) आणि आत गेल्या. आपांचं नाव नाही, बायांचा उल्लेखही नाही. माझ्या तोंडून एवढंच सांगितलं, "ही जागा मला पसंत नाही. शाळेमागची दाखवा." उद्याचं खोदकाम थांबलं.

सासरे पुटपुटले, "लय लहरी बाई हाय."

दारात उभ्या आपा शेजारणीला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "हाव न माय, कोनाचं ऐकतच नाही."