वरच्या मजल्यावरचं शटर

प्रिय आप्पा,

आज दुपारी बसू गवंडी नुसता चहा पिऊन परत गेला. विटा, वाळू, सिमेंट सगळं अंगणात तसंच पडलंय आणि तुमची बायको माझ्याशी बोलायला तयार नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. या सगळ्याच्या मुळाशी तुम्ही आहात, तेव्हा राग दुसऱ्या कुणावर काढू?

आप्पा, कुठला शहाणा माणूस वरच्या मजल्याला दुकानाचं शटर लावतो हो? बाहेरून जिना नाही, गॅलरी नाही, साधा कठडासुद्धा नाही. शटर वर केलं की समोर नुसती हवा आणि खाली खानापूर रस्ता! पिरनवाडीत आता कुणाला पत्ता सांगायचा तर लोक आपल्याच घराची खूण सांगतात. परवा स्टँडवरून रिक्षा केली तर रिक्षावाला म्हणाला, "त्ये वर शटर हाय त्येच घर न्हवं?" मी मान खाली घालून हो म्हणाले.

सुरुवात झाली तुम्ही बेंगळुरूला माझ्याकडे आलात तेव्हा. नवी नोकरी, भाड्याची खोली, मला वाटलं बाप लेकीची काळजी करायला आलाय. तुम्ही आलात आणि मेट्रोच्या प्रेमात पडलात! एका स्टेशनातून थेट दुकानांच्या मजल्यावर जायचा पूल होता, आठवतो? रस्त्यावर उतरायचंच नाही, गाडीतून निघायचं ते सरळ दुकानात. त्या पुलावरून तुम्ही उगाचच इकडून तिकडे फेऱ्या मारल्यात. "शैला, दुकानं आता वर चालली बघ. खाली कोण येतंय?" असं म्हणालात. मी हसले. मला काय माहीत तुम्ही हे घरी घेऊन जाणार आहात!

माझ्या खोलीसमोर तेव्हा नव्या लाइनचे नुसते खांब उभे होते. सगळीकडे धूळ, पत्रे, वळवलेला रस्ता. ऑफिसला पोचेपर्यंत जीव नकोसा व्हायचा. आणि तुम्ही सकाळी आंघोळ करून क्रेनसमोर उभे! बेळगावला परतल्यावर तुमचा फोन यायचा तो एकाच प्रश्नाने. "खांबांवर गर्डर चढले का गं?" आप्पा, लेक तापाने फणफणली होती तेव्हाही तुम्ही आधी गर्डर विचारलात. नंतर ताप.

मग कुणीतरी पुढारी भाषणात बोलून गेला, बेळगावलाही मेट्रो आणू. झालं! साधा रेल्वेवरचा पूल व्हायला आपल्याकडे किती वर्षं जातात, हे गेटपाशी स्कूटर बंद करून तुम्ही स्वतः बघितलं होतं. तरी तुमचा नकाशा तयार. कॅम्पातून निघणार, टिळकवाडी घेणार आणि शेवटचं स्टेशन पिरनवाडी. का? तर "आपल्याकडं वर मोकळं हाय!" आई भाकरी वाढायला लागली की तुम्ही ताट पुढे करून मेट्रोत स्टेशनांची नावं सांगणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणायचात, "मुंदिन निल्दाण, पिरनवाडी." मग तेच मराठीत, "पुढचं स्टेशन, पिरनवाडी." कन्नड आधी, म्हणजे भांडण नको, असंही वर सांगायचात.

कॅम्पातलं तुमचं भाड्याचं स्टेशनरीचं दुकान मालकाने रिकामं करायला लावलं, तेव्हा तुम्ही किती गप्प झाला होतात ते मी बघितलंय. उभा जन्म दुसऱ्याच्या जागेत गेला, आता दुकान स्वतःचं असावं, एवढं मलाही कळतं. पण मग ते खाली काढायचं ना! तळमजला रिकामा होता, रस्त्याला लागून होता. तुम्ही वर शटर लावलंत. कठडा घाला म्हटलं तर उलट मलाच विचारलंत, "आन् पॅसेंजर आत कुठनं येणार?"

पॅसेंजर आले नाहीत. वह्या, कंपासपेट्या, रंगीत कागद वर मांडलेले आणि गिऱ्हाईक खाली रस्त्यावर. तेव्हा तुम्ही दोरीला टोपली बांधलीत. खालून पोरं ओरडायची, तुम्ही टोपली सोडायचात. पैसे वर, वही खाली. सगळी पिरनवाडी हसायची आणि तुम्ही त्यांच्यासोबत हसायचात. याची मला तेव्हाही चीड यायची, आजही येते.

तुम्ही गेलात आणि मला वाटलं, टोपलीही गेली. कसली जाते! आई रोज सकाळी शटर वर करते, काठाला पाट टाकून बसते आणि टोपली सोडते. मला कुणी सांगितलंही नाही. तीन दिवसांपूर्वी शेजारच्या मालूकाकूंचा फोन आला. आई दोर ओढताना वाकली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शटरच्या पट्टीला हात अडकला म्हणून वाचली. मिळाली ती गाडी पकडून मी आले आणि दुसऱ्याच दिवशी बसूला बोलावलं. म्हटलं, शटर काढ, भिंत घाल, विषय संपव.

बसू टेप लावतोय तोवर खालून हाक आली, "आज्जी, एक दुरेघी वही!" आईने त्याला हाताने बाजूला केलं आणि टोपली सोडली. वही गेली, पैसे आले. मग ती वळून म्हणाली, "बसू, च्या घे आणि जा. भिताड घालायचं न्हाय."

"आई, पडलीस म्हणजे?"

"पडलं तर पडलं. तुज्या आप्पाचं दुकान हाय त्ये."

"दुकान कसलं ते! मेट्रो येणार नाही, आई."

"न्हाय आली तर न्हाय आली. मला काय कुठं जायचंय?" असं म्हणून तिने दोर गुंडाळला. "तू बेंगळूरला. घरात मी एकटी. दिसभर मी कुणासंगं बोलू गं? भिताडासंगं?"

बसूने बशीत चहा ओतला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. माझ्या खोलीसमोरची लाइन सुरू झाली. तुम्ही ज्या गर्डरांसाठी माझं डोकं खाल्लंत, त्यांच्यावरून मी आता रोज ऑफिसला जाते. पहिल्या दिवशी खिडकीशी बसले होते आणि ती बाई म्हणाली, "मुंदिन निल्दाण..." मी भर गर्दीत रडले, आप्पा. थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं? एवढी घाई तुम्ही कधी कशाची केली नाहीत!

असो. उद्या बसूला परत बोलावते. भिंत घालणार नाही. आईच्या छातीएवढा लोखंडी कठडा बसवून घेते आणि वर एक कप्पी लावते, म्हणजे दोर आतूनच ओढता येईल, तिला वाकावं लागणार नाही. आणि कठड्याच्या मधोमध एक फाटक ठेवायला सांगते. कडी आतून. दोन माणसं शेजारी शेजारी आत येतील एवढं रुंद.

पिरनवाडीला मेट्रो येणार नाहीये, आप्पा. हे तुम्हाला शेवटचं सांगतेय. पण फाटक ठेवते.

तुमच्यावर अजून चिडलेली,
तुमची शैला