रूथबाईंच्या अकरा पिढ्या

शनिवार, ९ मार्च २०२४

रूथबाईंनी त्यांच्या वंशावळीची फाइल पाठवली. उघडली तर मोबाइलच्या पडद्यात मावेना. सगळ्यात वर जोनाथन हॅलोवे – सन १६८४ मध्ये इंग्लंडहून जहाजानं पेनसिल्व्हेनियाला आला. त्याच्या खाली त्याची मुलं, मग त्यांची मुलं. शेवटी एलायस, म्हणजे माझा जावई, रूथबाईंचा मुलगा. त्याच्या शेजारी आमची प्रेरणा. दोघांच्या खाली उन्नती. ती अकरावी पिढी.

प्रेरणाच्या नावापुढे दोन तारखा आहेत. एलायसच्या नावापुढे एकच.

तिच्या डोक्यावर दोन चौकोन – कांता मेश्राम, भय्याजी मेश्राम. त्याच्या वर पांढरं. रूथबाईंनी लिहिलंय, तुमच्याकडची नावं कळवा, उन्नतीला मे महिन्यात शाळेत हे सगळं मांडायचं आहे.

रविवार, १० मार्च

यांना दाखवलं. चष्मा लावून पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, "त्याइचंच लाव म्हना. आपलं कोन पाह्यते?" आणि टीव्ही लावून बसले.

शनिवार, १६ मार्च

संध्याकाळी फोन. तिकडे सकाळ. दर शनिवारी रूथबाई आणि उन्नती शेजारी बसतात, मी इकडे हुडको कॉलनीतल्या आमच्या घरी, समोरच्या खोलीत. माझं इंग्रजी प्राथमिक शाळेतल्या बाईचं. रूथबाई सावकाश बोलतात, अडलं की उन्नती सांगते.

"आजी, तू काय करून राहिली?" पहिलं वाक्य हेच. प्रेरणाची बोली, पण नाकातून. प्रेरणा होती तेव्हा ही पोरगी मराठीत भांडायची, हट्ट करायची. आता तीन-चार वाक्यं उरली आहेत. ती संपली की इंग्रजी. मी दर शनिवारी मोजते, मोजू नये तरी.

हॅलोवे लोक क्वेकर. त्यांच्या प्रार्थनेला पुजारी नसतो, गाणं नसतं, सगळे तासभर गप्प बसतात. लग्न झाल्यावर पहिल्यांदा तिथं जाऊन आली तेव्हा प्रेरणा म्हणाली होती, "आई, आपल्या विहारासारखंच आहे. फक्त बसाले बाक आहेत." त्यांच्याच दफनभूमीत तिची राख पुरली आहे. कॅन्सरनं तिला चार महिन्यांत नेलं. आमचा पासपोर्ट-व्हिसा होईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी ती जागा अजून पाहिलेली नाही. फोटो आहे – गवत आहे, आणि गुडघ्याएवढा दगड.

शुक्रवार, २९ मार्च

दुर्गहून सकाळच्या गाडीनं गोंदियाला, तिथून ऑटोनं यांच्या गावी. यांची आत्या, पंचफुलाबाई, नव्वदीला आली आहे पण कान चांगले आहेत. मी विचारलं, यांच्या आजोबांचं नाव?

"सखाराम."

त्यांचे वडील?

आत्याबाईंनी आठवून पाहिलं. "त्याले सारे म्हातारा म्हनत. पाटलाच्या घरी राबे. पाटलाच्या बैलाले नाव होतं, म्हाताऱ्याले 'अरे' म्हनत."

आणि आजी?

"मैनाबाई. माही माय. सात लेकरं झाले तिले. दोनच जगले – मी अन् ह्याचा बाप."

बाकी पाच जणांची नावं?

"नाव ठेवाच्या आधीच गेले थे."

हे बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी आत्याबाईंचे पाय चेपत राहिले. त्या म्हणाल्या, "तुही पोरगी गेली म्हनतेत. तिले नाव तं होतं न, बाई." सांत्वन करत होत्या. मला ते सांत्वन सहन झालं नाही.

शनिवार, ६ एप्रिल

रूथबाईंना सांगितलं. सखाराम, मैनाबाई, यांचे वडील मारोती, पंचफुला. म्हाताऱ्याचं नाव नाही, पाच लेकरांना नाव नाही. मला लाज वाटत होती, खरं सांगते. त्यांचा तक्ता भिंतभर, आमचा हातभर.

रूथबाईंनी नावं लिहून घेतली. मग म्हणाल्या, "पाच चौकोन काढू का? आत फक्त 'बाळ' लिहिते."

मी 'हो' म्हणून मान हलवली. उन्नतीनं विचारलं, "आजी, तू रडून राहिली का?" हे वाक्य मला वाटलं होतं ती विसरली.

शनिवार, १३ एप्रिल

आज रूथबाई एकट्याच होत्या. चेहरा उतरलेला. जोनाथनच्या मुलाचं जुनं मृत्युपत्र वाचताना त्यांना कळलं की त्याच्याकडे गुलाम होते. त्यातली एक हॅना, आफ्रिकी मुलगी, वय नऊ. मुलीच्या लग्नात आंदण दिली.

जन्मभर त्यांना घरात सांगितलं गेलं, आपले लोक गुलामगिरीच्या विरोधात होते. नंतरचे होतेही. पण हा नव्हता.

त्यांनी विचारलं, "उन्नतीला सांगू, की राहू देऊ? ती पण नऊ वर्षांची आहे."

माझं डोकं तापलं. अकरा पिढ्यांचा तक्ता मला कौतुकानं पाठवला, आणि आता हे. त्यांच्या घरात भांड्यांसोबत पोरगी दिली. आमच्या म्हाताऱ्याला 'अरे' म्हणणारा पाटील आठवला. प्रेरणा अशा घरात सून म्हणून गेली! मी म्हटलं, "आज मला काही बोलायचं नाही," आणि फोन ठेवला. रूथबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. पाहिलं, तरी ठेवला.

रविवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक. प्रेरणा लहान होती, आम्ही कारखान्याच्या सेक्टर १० च्या क्वार्टरमध्ये होतो, तेव्हा याच दिवशी पांढरा फ्रॉक घालून सगळ्यांच्या पुढे चालायची. उन्हानं लाल होऊन परत यायची आणि दारातच पाणी मागायची.

मिरवणूक थांबली तिथं मी बाजूला झाले. आत्याबाईंची बिननावाची पाच भावंडं आठवली. घरी येऊन रूथबाईंना लिहिलं: हॅनाला नाव आहे. तिचा चौकोन काढा. उन्नतीला तुम्हीच सांगा, मी शेजारी असते तर मीही सांगितलं असतं.

लगेच उत्तर आलं. फक्त "हो".

शनिवार, २० एप्रिल

सांगितलं त्यांनी. उन्नतीनं विचारलं म्हणे, हॅनाची आई कुठे होती?

शनिवार, २७ एप्रिल

आज रूथबाईंनी पंचफुलाबाईंचं नाव दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मग मला सुझन म्हणाल्या. सुझन त्यांची बहीण. मी हसले, त्याही हसल्या. उन्नती हसली नाही.

शनिवार, ४ मे

तक्ता पूर्ण झाला. सिविक सेंटरच्या बाजारात जाऊन मोठा छापून घ्यायचं ठरवलं. मी एकटी जाणार होते, हे म्हणाले, "ऊन आहे, मी येतो." ती जाऊन दीड वर्ष झालं, प्रेरणाचं नाव यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. जेवतात, झोपतात, बाजार करतात. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये तीस वर्षं आगीजवळ उभा राहिलेला माणूस, पण तिचा अल्बम कपाटातून काढू देत नाही.

दुकानदारानं संगणकावर तक्ता उघडला. हे अगदी जवळ जाऊन उभे राहिले. प्रेरणाच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"भैया, ये दूसरी तारीख हटा दो."

दुकानदार म्हणाला, "अंकल, फोटो फाइल है, कैसे हटेगा? वहाँ सफेद धब्बा आ जाएगा."

"आने दो."

मी म्हटलं, "अहो, असू द्या."

ते माझ्याकडे वळले. "कावून असू दू? बाकीचे दोन तारखावाले शंभर-दोनशे वर्षांआधीचे आहेत. माही प्रेरणा चौतीसची होती."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. सगळी थांबली. दुकानदारानं आम्हाला स्टूल दिलं, पाणी दिलं. तक्ता जसा होता तसाच छापला. घरी आणून समोरच्या भिंतीवर लावला. यांनीच लावला, कोपरे दाबून दाबून. मग त्याच्यासमोर खाली बसले आणि तिचं नाव घेऊन रडले. मी पण बसले. चहाची वेळ टळून गेली.

शनिवार, ११ मे

आज एलायसचा फोन, एकट्याचा. तो मला आई म्हणतो, प्रेरणानं शिकवलेलं.

रूथबाईंची स्मृती जात आहे. डॉक्टरांनी थंडीतच सांगितलं होतं. त्यांनी कुणाला कळवू दिलं नाही. म्हणूनच तक्त्याची घाई होती – आठवतंय तोवर सगळं लिहून काढायचं होतं.

"वरची नावं तिला अजून पाठ आहेत," एलायस म्हणाला. "खालची जातात."

हॅना आठवते. जोनाथनचं जहाज आठवतं. प्रेरणा गेली हे आठवत नाही. जेवणाच्या टेबलावर तिचं ताट मांडतात. ती कुठे आहे विचारतात. घरचे लोक खरं सांगतात – ते खोटं बोलत नाहीत, त्यांचा धर्मच तसा. मग रूथबाईंना ते पहिल्यांदाच कळतं. दर वेळी नव्यानं रडतात, सकाळपासून दुपारपर्यंत. उन्नती समोर असते. दर वेळी तीही नव्यानं ऐकते.

मग एलायस म्हणाला, "आई, आम्ही मॉमला सांगणं बंद करू का? पण प्रेरणा तुमची मुलगी आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय करणार नाही."

मी दोन दिवस द्या म्हटलं.

रविवार, १२ मे

झोप नाही. तीनशे वर्षांपूर्वीची पोर त्यांना आठवते आणि माझी नाही. माझी मुलगी मेली हेसुद्धा कुणी लक्षात ठेवायचं नाही का? मी तिचं तोंड पाहिलं नाही. तिचं मरणच तेवढं माझ्याजवळ आहे.

यांना विचारलं. म्हणाले, "तुले जे वाटते थे सांग." मग टीव्ही बंद करून, "त्या पोरीचा इचार कर. माय गेली थे किती डाव आयकन?"

एलायसला अजून कळवलं नाही.

शनिवार, १८ मे

शाळेतला कार्यक्रम झाला. एलायसनं व्हिडिओ पाठवला. उन्नती तक्त्यासमोर उभी आहे, हातात काठी. जोनाथन, मग हॅना, मग हॅनाजवळ थोडी थांबली. आमच्या बाजूला आली तेव्हा पाच बाळांवर काठी ठेवली आणि मोजली. शेवटी "माय मदर". तिथं काठी खाली केली, हात लावला.

रूथबाई पहिल्या रांगेत होत्या. टाळ्या वाजवताना त्या इकडेतिकडे पाहत होत्या, कुणाला तरी शोधत असल्यासारख्या.

शनिवार, २५ मे

फोनवर तिघं होते. रूथबाई मध्ये, एलायस मागे उभा, उन्नती त्यांचा हात धरून. थोडं बोलणं झालं, आणि रूथबाई एकदम म्हणाल्या, "कांता, प्रेरणा तिकडे आली आहे का? कालपासून दिसली नाही." एलायस माझ्याकडे पाहत होता. उन्नती पण.

मी म्हटलं, "हो. इथेच आहे. झोपली आहे."

रूथबाई म्हणाल्या, "झोपू दे. खूप थकली असेल."