टाकीपुढचं ताट

२० ऑगस्ट
तैवानच्या दुसऱ्या टोकाला, युआनलिनला पोचले! पाकात फळं मुरवणाऱ्या कारखान्यात नोकरी, मागच्या अंगाला दोन खोल्या, आणि बाबांना सोबत ठेवायची परवानगी. त्यांना मधुमेह, एकटं सोडायची सोय नाही. फळं मुरवून उरलेलं गोड सांडपाणी मी सांभाळायच्या टाकीत येतं. आतले जंतू साखर खातात, हायड्रोजन सोडतात, त्यावर बॉयलर चालतो.

२२ ऑगस्ट
टाकीवरच्या जुन्या कामगाराने, काओ काकांनी, काम शिकवलं. जंतूंचा गाळ आधी उकळायचा. हायड्रोजन फस्त करणारे मरतात, चिवट तेवढे उरतात. या वायूची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून काका केरसुणी पुढे धरून चालतात. ती पेटली की थांबायचं. मी हसले. हस पोरी, म्हणाले, तुझ्या भुवया अजून जागेवर आहेत.

२७ ऑगस्ट
चांद्र पंचांगातला सातवा महिना, भुतांचा. भटक्या मृतांसाठी कारखान्याच्या दारात नैवेद्याची ताटं मांडली, एक टाकीपुढेही. बाकीचं वाटून घरी न्यायचं, टाकीपुढचं मात्र टाकीतच सोडायचं, असं काकांनी बजावलं. पण वाफवलेला गुलाबी गोड पाव सांडपाण्यात टाकणं जिवावर आलं. गुपचूप बाबांसाठी आणला. नैवेद्याच्या घासाने काय होतंय, म्हणत त्यांनी चाटूनपुसून खाल्ला.

२९ ऑगस्ट
वीस वर्षांत पहिल्यांदा बाबांची साखर बेताची! डॉक्टर खूश. फक्त त्यांच्या श्वासाला आंबलेल्या फळांचा वास येतो. टाकीला येतो तसा.

१ सप्टेंबर
साखर उतरतच चाललीय. ग्लुकोजचं सलाइन लावलं, वाट्यावाट्यांनी पाक पाजला, तरी उतरते. पोट सारखं खदखदतं. काकांपाशी कबूल केलं. वाटलं शिव्या देतील. त्यांनी केरसुणी माझ्या हातात ठेवली. जे उकळून मेलं नाही त्याला औषध कसलं देणार, म्हणाले.

३ सप्टेंबर, दुपार
बाबांच्या तोंडापुढे केरसुणी धरली.
पेटली.
ओठ भाजत नाहीत. त्यांना काही कळतही नाही. गोड मागताहेत. नाही दिलं तर जातील. दिलं तर पोटातलं ते आणखी —

संध्याकाळ
पाक संपला. काका आणायला गेलेत, आले नाहीत. माझे हात कोपरापर्यंत चिकट. उन्हं गेली.
आता दिसतंय. निळं. श्वासासरशी ओठांबाहेर येतं, आत जातं. दर वेळी थोडं लांब —
बाबा उठून बसलेत. इकडे ये म्हणतात, यिनचू, तुझ्या हातांना केवढा गोड वास —