बांगड्याला निघालेली होडी

निर्णा, ता. चिटगुप्पा
१५ सप्टेंबर २०२४

चि. प्रेरणास अप्पाचा सप्रेम जयभीम आणि डोक्यावर हात.

इकडं आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. खरं ते खाली लिहितो.

परवा नागेशकाकानं मला गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलतं. गळ्यातली गाठ परत आलीय. आता कापायला काही उरलं न्हाई आणि मशीनचा शेक द्यायलाबी जागा न्हाई, असं डॉक्टरनं नागेशला कन्नडमधून हळूच सांगितलं. दोन वर्षांमागं माझ्या आवाजाची पेटी काढली. तवापासून मी मुका झालोय, बहिरा न्हाई, हे लोक विसरतात. कन्नड तर मला त्या डॉक्टरापेक्षा बरं येतं. जन्मभर एस.टी.त कंडक्टर होतो, हुमनाबाद ते चिटगुप्पा तीन भाषांत ओरडत गेलो.

तुझी माय ऐकल्यापासून चुलीपुढं नुसती बसून राहायलीय. तिला तू फोन कर. मला फोनचा उपयोग न्हाई, म्हणून ही चिठ्ठी.

आता कामाचं. उन्हाळ्यात तुझ्याकडं आलतो तवा जावईबापू रत्नपालरावांनी ताजा बांगडा आणलता, आठवतंय? पाठीवर हिरव्या-निळ्या रेघा. मी कारंजा धरणावर किती पावसाळे गळ टाकून बसलो. मरळ धरली, कटला धरला. शेजारी चन्नवीर बसायचा. लिंगायत माणूस, मासा वर आला की तोंड फिरवायचा, पर उठून कधी गेला न्हाई. पण समुद्राचा मासा म्हणजे आपल्याला बाजारातलं सुकट. रत्नपाल सांगत होते की कारवारात माणसांना होडीत घेऊन बांगड्याला नेणारे लोक हायेत. एका दोरीला पाच-सहा गळ, थवा लागला की एका दमात सगळे भरून येतात म्हणे.

तशी एक होडी माझ्यासाठी ठरव. खाट धरायच्या आधी एकदा बघतो. जास्त विचार करू नको, रडू तर अजिबात नको.

जावईबापूंना जयभीम. त्यांनी पोट कमी केलं का? होडीत जागा लागंल.

तुझा अप्पा,
पिराजी

•

कारवार
२९ सप्टेंबर २०२४

ती. अप्पांना सविनय जयभीम. मायला पण.

रडू नको म्हणालात, ते जमलं नाही. पण रडून झाल्यावर होडी ठरवली.

किरणकुमार म्हणून एक होडीवाला आहे, बैतकोल बंदरात. फोनवर आधी छान बोलला. किती माणसं, पोहता येतं का, जेवण होडीत हवं का, सगळं विचारलं. मग मी सांगितलं की वडील गळ्याच्या भोकातून श्वास घेतात. मी नर्स, मला हे लपवता आलं नसतं. तो म्हणाला, बाई, माफ करा, एक लाट आत गेली तर माणूस बसल्या जागी बुडेल. फोन ठेवून दिला.

मग मी आणि रत्नपाल धक्क्यावरच गेलो. होडीवाल्याची कोकणी, माझी मराठी आणि यांचं कन्नड, अशी आमची सभा भरली. मी बोटानं माझ्या गळ्यावर दाखवलं, इथून श्वास, इथून खोकला, नाकातोंडाचा काही संबंध नाही. ऐकता ऐकता त्यानं स्वतःच्या गळ्यावर तळहात ठेवला होता, त्याला कळलंही नाही. शेवटी विचारलं की ते काय काम करायचे. बसमध्ये कंडक्टर, म्हटलं. म्हणाला, मग तोल सांभाळता येत असेल.

अटी घातल्या आहेत त्या निमूट ऐका. होडी बंदरासमोरच्या बेटाच्या आडोशापलीकडे जाणार नाही. सकाळी, वारा उठायच्या आत जायचं. लाइफ जॅकेटची कॉलर तुमच्या गळ्यावर येते म्हणून तो ती कापून देणार आहे. भोकावर कापड बांधायचं, आणि मी शेजारी. मी परत म्हटलं की परत.

१० नोव्हेंबर, रविवार ठरला आहे. दिवाळीनंतर बांगडा किनाऱ्याजवळ असतो म्हणे.

मायनं फोनवर मला खूप बोल लावले. तुम्ही तिची समजूत काढा.

यांनी पोट कमी केलेलं नाही. जयभीम सांगितलाय. आमच्यावर माया आहे ती तशीच राहावी.

तुमची
प्रेरणा

•

निर्णा
१२ ऑक्टोबर २०२४

चि. प्रेरणास जयभीम.

सगळ्या अटी कबूल. फक्त त्या होडीवाल्याला एक विचारून ठेव. माझ्या गळ्याला भोक हाय, त्याच्या होडीला तर न्हाई ना?

तुझी माय आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई. मी तसाच मुका, ती अशी मुकी, घरात नुसती भांडी वाजायलीती. मी पाटीवर लिहिलं की इंदिरा, तूबी चल. तिनं पाटी पुसून टाकली. पर काल बघतो तर तिनं जुन्या पांढऱ्या साडीचे चौकोन फाडून त्याला नाड्या शिवलेल्या. गळ्यावर बांधायचं कापड म्हणे. एवढे शिवलेत की अख्खी बस बांधून होईल. ती येणार हाय, पर होडीत पाय ठेवणार न्हाई, धक्क्यावर बसणार. मासळीच्या वासानं तिचं डोकं उठतं. मला आता कुठलाच वास येत न्हाई, समुद्राचाबी येणार न्हाई. तो कसा असतो ते तिला विचारून घेईन.

चन्नवीर रोज येऊन बसायलाय. त्यानं गावभर केलंय की पिराजी समुद्रावर स्वारीला निघाला. परवा पारावरच्या पोरांनी माझी मिरवणूक काढायची बाकी ठेवली.

हुमनाबादहून हुबळी, हुबळीहून कारवार. मागच्या सीटवर बसणार न्हाई, एवढं मात्र नागेशला बजावून सांगितलंय.

अंगात ताकद कमी वाटायलीय. पर दोरी धरण्याइतकी हाय.

तुझा अप्पा

•

कारवार
१८ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांना सविनय जयभीम.

तुम्ही नीट पोचल्याचं नागेशकाकांनी कळवलं. बसस्टँडवर तुम्ही डोक्यावर हात ठेवलात आणि चढून गेलात. रागावला होतात का, ते मला तुमच्या तोंडावरून वाचता आलं नाही. एरवी येतं. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही होडीच्या पुढच्या अंगाला बसला होतात, माझ्याकडे पाठ करून. त्यामुळे मला काय दिसत होतं ते तुम्हाला दिसलं नाही. बेटाच्या आडोशाला पाणी अगदी निवांत होतं. किरणकुमारनं बोट दाखवलं, आणि समोर भाताचं आधण उकळावं तसं पाणी उकळायला लागलं. थवा वर आला होता. त्यानं तुमच्या हातात दोरी दिली. तुमची मान अशी ताठ झाली की मला तुम्ही बसच्या दारात उभे राहायचा तेच दिसलात.

पलीकडून मोठी ट्रॉलर गेली, तिची लाट आपल्याला आडवी लागली, आणि पाणी उडालं. तुम्हाला खोकला आला. कापड बदलावं म्हणून मी हात पुढे केला. अप्पा, ते पांढरं कापड लाल होत चाललं होतं. तुमच्या श्वासाचा आवाज बदलला होता. हा आवाज मला वॉर्डात ओळखू येतो.

तुम्ही एका हातात दोरी धरून दुसऱ्या हातानं फळीवर दोनदा थाप मारलीत. डबल बेल. चला पुढं. किरणकुमारनं तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. परत फिरव म्हणून मी ओरडले त्याच्यावर. तुम्ही दोरी गुंडाळत होतात, रिकामे गळ एकेक करून वर येत होते, आणि मासे अजून तिथंच होते. तुमचे खांदे हलत होते. मायनं धक्क्यावरून होडी एवढ्या लवकर परतलेली बघितली आणि ती उभी राहिली.

मी नुसती मुलगी असते, तर आणखी थोडं थांबले असते.

दवाखान्यात रक्त थांबलं, तुम्ही हिंडते-फिरते परत गेलात, सगळे म्हणतात मी बरोबर केलं. पण तुम्ही सांगा. दोन ओळी लिहा.

तुमची
प्रेरणा

•

निर्णा
२ डिसेंबर २०२४

चि. प्रेरणास अप्पाचा जयभीम, नेहमीपेक्षा जास्त.

अक्षर तिरकं जायलंय, समजून घे.

रागावलो होतो. खोटं कामून लिहू? हुबळीपर्यंत रागावलो होतो. खिडकीतून बाहेर बघत राहिलो, तुझ्या मायनं दिलेलं पाणीबी घेतलं न्हाई.

हुबळीच्या पुढं एक जुनी गोष्ट आठवली. तू लहान होतीस. चिटगुप्प्याच्या गाडीत एका बाईला कळा सुरू झाल्या. मी ड्रायव्हरला गाडी दवाखान्याकडं वळवायला लावली. सगळी गाडी ओरडायली, कुणाची कोर्टाची तारीख, कुणाचं लग्न. एकानं माझी कॉलर धरली. मी कुणाचं ऐकलं न्हाई. तू माझीच लेक हायेस, तर मी कुणावर रागवू?

आणि मासे मी बघितले की. पाण्याखाली कुणीतरी चांदीची परात तिरपी केली आन् परत सरळ केली, तसं झालं. ते तुला मागून दिसलं नसंल. दोरीला एकदा हिसका लागलता. लागलता, शपथ. मासा सुटला असंल, पर त्याचं आणि माझं बोलणं झालं.

आता पेज तेवढी उतरते. झोप बसूनच घेतो. तरी जानेवारीत वारा कमी असतो असं तो होडीवाला म्हणालता. त्याच्याकडं आणखी एकदा नाव लाव. नुसतं लावून ठेव. दिवस ठरलेला असला की माणसाला उठून बसता येतं.

रत्नपालरावांना सांग, धक्क्यावर त्यांनी तुझ्या मायला धरून ठेवलं ते मी बघितलं. असा जावई नशिबानं मिळतो, पोटासकट.

तुझा अप्पा

•

कारवार
२० डिसेंबर २०२४

ती. अप्पांना सविनय जयभीम.

तुमची चिठ्ठी मी ड्यूटीवर खिशात घेऊन हिंडते.

नाव लावलं. २६ जानेवारी, रविवार. किरणकुमारला काही समजवावं लागलं नाही. त्यानंच सांगितलं की होडीच्या पुढच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा बांधतो, म्हणजे पाणी उडणार नाही. तुमचं कापलेल्या कॉलरचं जॅकेट त्यानं दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.

पेज थोडी थोडी, पण परत परत घ्या. मी पुढच्या महिन्यात रजा टाकते आहे.

तोवर हात डोक्यावर असू द्या, लांबून का होईना.

तुमची
प्रेरणा

•

निर्णा
९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेरणाबाईस मायचा जयभीम.

मला तुझ्या अप्पासारखं लिहिता येत न्हाई. चौथीपर्यंतची मी. फोनवर बोलले असते, पर घरात अजून बाया बसायला येतात, आन् हे त्यांच्या कानावर जायला नको.

त्यांना मातीला नेलं त्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर चन्नवीर अण्णा तुझ्याजवळ आले. म्हणाले, पोरी, तू बापाला समुद्रावर नेलंस, टोपली भरून बांगडे धरले त्यानं, तुझ्यामुळं माणूस सुखानं गेला. तू माझ्याकडं बघितलंस. मी मान खाली घातली. तू काही बोलली न्हाईस, तवाच मला कळलं की तू शहाणी हायेस. आता सांगते.

आम्ही कारवारहून आलो तवा चन्नवीर अण्णा दारातच उभे होते, आन् त्यांच्या मागं पारावरची पोरं. अण्णांनी विचारलं, किती धरले? तुझ्या अप्पांनी पिशवी खाली ठेवली. मग दोन्ही हातांची बोटं वर केली, मिटली, परत वर केली. आन् माझ्याकडं बघितलं.

मी धक्क्यावर बसलेली होते बाई. होडी गेली तशी परतलेली बघितली होती. तू आन् होडीवाल्यानं त्यांना धरून रिकाम्या हातानं उतरवलेलं बघितलं होतं. पर ते ज्या नजरेनं बघायलते, तसं लग्नापासून कधी बघितलं न्हवतं. मी म्हटलं, व्हय अण्णा, टोपली भरून. तळून खाल्ले, उरलेले शेजारी वाटले.

झालं. मग रोज संध्याकाळी लोक येऊ लागले. ते हातानं दाखवायचे आन् मी बोलायची. दोरी कशी ओढली, मासे कसे चमकले, होडी कशी डुलली. मला काय ठावं? मी होडीत पाय सुद्धा ठेवला न्हवता. चुकीचं बोलले की ते मान हलवायचे, मग मी दुसरं सांगायची. बरोबर आलं की मांडीवर थाप मारायचे. बांगडा तळहाताएवढा असतो म्हणे, आमचा कोपरापर्यंत वाढला. जन्मभर त्यांच्या गळ टाकण्याला मी नावं ठेवली, आन् शेवटचे दोन महिने मीच मासे धरत बसले. शेवटी शेवटी त्यांना बसवत न्हवतं, तरी कुणी आलं की मला खूण करायचे, सांग म्हणून.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गेले, त्याच्या आदल्या संध्याकाळीबी मी सांगितलं. त्या वेळी ऐकायला कुणी न्हवतं. आम्ही दोघंच.

परवा चन्नवीर अण्णा आले, मला बाजूला बोलावलं. म्हणाले, अक्का, खरं सांग, किती सापडले? मी म्हटलं, मोजले कुठं अण्णा. ते तिथंच खाली बसून रडायला लागले. मीबी रडले. त्यांना कळलं का न्हाई, मला ठावं न्हाई. जाताना म्हणाले की आता धरणावर जाववत न्हाई.

तू होडीत होतीस. उद्या गावात आलीस की सगळे तुझ्या तोंडाकडं बघतील. मी खोटं बोलले, त्याचं पाप असंल तर माझं. तू फक्त व्हय म्हण. ते बांगडे पाण्यात परत सोडू नको.

जेवत जा. रत्नपालरावांना जयभीम. तुझ्या मायला विसरू नको, आता तुझ्याशिवाय हे कुणापाशी बोलू?

तुझी माय,
इंदिराबाई