रजयांमागचं गाणं

८ मार्च, शनिवार
लॉन्ड्रीपुढे रांग! कपड्यांची नव्हे – तळघरातल्या गाण्याची. पार कोपऱ्यापर्यंत. एरवी तीसएक टाळकी यायची, तीही ओळखीची. आज सगळी नवी. एकाचे बूट तर इतके पांढरेशुभ्र, की वाटावं आत्ताच आमच्याकडून धुऊन नेलेत. गाणाऱ्या आमच्या पोरीला म्हणतो, "मोठ्या हॉलमध्ये गा, सगळी सोय मी करतो." का रे बाबा? तुझं काय अडलंय?

९ मार्च
गर्दी कुठून आली ते कळलं. भाजीवालीच्या फोनवर आमच्या पोरीचं गाणं! "तुमचीच ना हो ही?"
तळघराचा नेम ठरलेला – गाणं ऐकायचं तर इथे यायचं, घरी न्यायचं नाही. आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून गिऱ्हाइकांनी न नेलेल्या रजया मी भिंतींना टांगते. दारातच सगळ्यांचे फोन गोणीत, चिठ्ठी लावून. वाजवणाऱ्यांचेसुद्धा. मग चोरलं कुणी?

११ मार्च
माझा संशय ढोल्यावर. ड्रम बडवतो तो. शाळेपासून पोरीबरोबर. दुसरा फोन लपवत असणार. परवा पोरीशी तावातावानं बोलत होता, मला बघून विषयच बदलला. पोरीला बोलून दाखवलं. ती नखं खात बसली.

१२ मार्च
पोरीनं ढोल्याला काढलं! सगळ्यांदेखत! तो एवढंच म्हणाला, "मावशी, मी असं करीन? तळघर सोडू नका म्हणून मीच भांडत होतो ना?" एकटाच ड्रम घेऊन जिना चढला. कुणी हात लावला नाही. मीही नाही.
हे इस्त्री करत होते. "चला, एक कटकट गेली," म्हणे. ह्यांना गाण्याचा भारी वैताग. खाली सुरू झालं की वर दार लावून बसतात.

१५ मार्च
आज तळघरात गाणं नाही. पांढरे बूट येऊन गेले, पोरगी हो म्हणाली. पुढच्या शनिवारी मोठा हॉल. जुनी माणसं दारापर्यंत येऊन परत गेली. नेहमी कोपऱ्यात बसणाऱ्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "संपलं का हो?"

१७ मार्च
भाजीवालीला गाणं पुन्हा लावायला लावलं. दुसऱ्या कडव्यानंतर – खोकला! दोन ठसके, मग घसा खाकरणं. भाजीवाली हसते, "कुणीतरी म्हातारा होता वाटतं." म्हातारा कसला! लग्नापासून तो खोकला माझ्या उशाशी आहे.
घरी येऊन ह्यांची इस्त्रीच बंद केली. "वैताग येतो ना गाण्याचा? मग जिन्यात फोन धरून कशाला बसलात?"
आधी उडवाउडवी. मग मान खाली. "तिनंच सांगितलं. म्हणाली, गाणं बाहेर पोचू दे, बाबा, तुमच्यावर कुणाचा संशय जाणार नाही... चांगली गाते गं ती."
पोरीनं! आणि नाव आलं ढोल्याचं. ते तिला सुचवलं कुणी? मीच. साऱ्या गावावर संशय घेत हिंडले – घरातली दोघं सोडून.

१८ मार्च
ढोल्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. रडला मेला.

२२ मार्च, शनिवार
पोरगी हॉलवर गेली. हेही गेले. मी नाही. भिंतींना रजया टांगल्या, जिन्याच्या दाराला दोन जास्तीच्या. चष्मेवाल्या बाईंचा फोन गोणीत पडला. ढोल्या ड्रम लावतोय.