निमंत्रक उत्तमराव

इंद्रवेल्ली, दि. ६ मे २०२५

ती. भारतदादास, दीपमालाचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण बहीण-भाऊ नुसते ओरडतो, म्हणून आईनं बजावलं की भांडायचं तर कागदावर भांडा. तर घे.

तुझ्या फुटबॉल क्लबनं बेल्याच्या चौकात लावलेल्या फ्लेक्सचा फोटो मला आला. मधोमध बियाणेवाले यशवंतराव सेठ, गळ्यात हार, क्लबमध्ये पैसा घालणार म्हणून हार्दिक स्वागत. इथवर मी दातओठ खाऊन सोसलं असतं. पण खाली निमंत्रकांच्या रांगेत माझ्या सासऱ्यांचं नाव? उत्तमरावांचं? कोणाला विचारून छापलंस? लग्नपत्रिकेत सगळे सोयरे न विचारता छापतात, तसंच ना? अरे, ज्या माणसाच्या बोगस बियाण्यानं आमचं सबंध वावर वाया गेलं, कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागली आणि बोंड एक धरलं नाही, त्याच्या स्वागताला मामाजी निमंत्रक!

फोटो त्यांनी पाहिला. भरल्या ताटावरून उठून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आधी नाव काढ, मग उत्तर लिही. आईला नमस्कार. माझा लोभ सध्या मागू नकोस.

तुझी,
दीपमाला

बेला, दि. ११ मे २०२५

चि. सौ. दीपमालास अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की,

नाव त्याच संध्याकाळी कागद चिकटवून झाकलं. चूक माझीच. पंढरी टेलर फ्लेक्स करायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, मागच्या वर्षीचीच नावं टाक. व्याह्यांचं नाव मानाचं म्हणून दरवर्षी असतं. वर फोटो कोणाचा येणार, हे डोक्यातच आलं नाही.

पण तेवढ्यावरून सेठला चोर ठरवू नकोस. कोर्टानं त्यांना सोडलेलं आहे. इथं चौकात रोज याच गोष्टीवर जुंपते. आपल्या टीमचा एकही सामना न चुकवणारा पंढरी म्हणतो की कोर्टानं सोडलेल्या मानसाले आपून कोन बोलनारे, अन् मोठ्या क्लबांचे मालक का सारे धुतल्या तांदळाचे असतेत? दोघं-तिघं त्याच्याशी भांडतात, पण फाटक्या बुटांनी खेळणारी पोरं मान खाली घालून ऐकतात. यंदा राज्याच्या लीगमध्ये उतरायची संधी आली आहे. सेठ नाही तर लीग नाही, इतकं सरळ आहे. हा क्लब मी उभा केला, ते काय गावाच्या धुळीतच संपवायला?

येत्या रविवारी मैदानावर सभा आहे. सेठ येणार आहेत. तू रागात काही लिहू नकोस. व्याह्यांना माझा नमस्कार सांग आणि भावावर माया असू दे.

तुझा दादा,
भारत

इंद्रवेल्ली, दि. १४ मे २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

रागातच लिहिते. कोर्टानं सोडलं म्हणतोस, तर कसं सोडलं तेही ऐक. सेठची माणसं घरोघरी फिरली आणि गावातले गवाह एकेक करून उलटले. कोणी म्हणालं पेरणीच चुकली, कोणी म्हणालं पाऊस कमी पडला. ती माणसं आमच्याही ओसरीवर येऊन बसली होती. मामाजींनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग कोर्टाच्या प्रत्येक पेशीला एकटेच बसनं आदिलाबादला गेले आणि जे झालं तेच बोलले. एकट्याच्या गवाहीवर मुकदमा टिकला नाही. गावात हसं झालं ते त्यांचंच. सेठशी वैर घेऊन काय मिळवलं, असं लोक तोंडावर विचारत. तेव्हापासून त्या सालाचं नाव त्यांनी घरात काढलेलं नाही.

पुराव्याअभावी सुटणं आणि निर्दोष असणं हे तुला एकच वाटतं का? पंचानं पाहिलं नाही म्हणून फाउल झालाच नाही, असं कोणी म्हटलं की तूच त्याच्या अंगावर धावून जातोस!

लीग खेळ, खुशाल खेळ. पण मग माहेरी ये म्हणून मला सांगू नकोस. सर्वांना यथायोग्य.

दीपमाला

बेला, दि. २० मे २०२५

चि. सौ. दीपमालास अनेक आशीर्वाद.

सभा झाली. सेठ मोठ्या गाडीतून आले, छान बोलले, टाळ्या झाल्या. मी गप्प बसायचं ठरवून गेलो होतो. पण तुझं पत्र डोक्यातून जाईना, शेवटी उठलो.

आपल्या मैदानाचा एक नियम तू जाणतेस. ज्यानं पाडलं, त्यानंच चेंडू उचलून पडलेल्याच्या हातात नेऊन द्यायचा. पंचानं पाहिलेलं असो वा नसो, त्याशिवाय खेळ सुरू होत नाही. मी चेंडू सेठसमोर धरला आणि म्हटलं की इंद्रवेल्लीचे उत्तमराव तुमच्या बियाण्यानं पडले, हा त्यांच्या हातात द्या अन् चुकलं म्हना, मग क्लब तुमचाच. भरपाईचा शब्दही काढला नाही.

सेठ हसले. म्हणाले की कोर्टात झालं ते झालं, आता का हे पोट्टे मुकदमा चालवतीन? अन् त्या बुढ्याले अजून अक्कल आली नाही काय?

बस. सगळ्यांत आधी उठला तो पंढरी. आमच्या सोयऱ्याले बुढा काऊन म्हनता, असं विचारत थेट सेठच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. मग पोरांनी उत्तमरावांच्या नावाचा जो गजर सुरू केला, तो सेठची गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबला नाही.

लीग गेली. दोन चांगली पोरं दुसऱ्या क्लबात गेली. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला लिहू? जमलं तर दोन गोड शब्द लिही.

तुझा दादा,
भारत

इंद्रवेल्ली, दि. २४ मे २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

सेठच्या तोंडचा तो शब्द वाचून अजून तळपायाची आग मस्तकात जाते. तो गाळूनच तुझं पत्र मामाजींना वाचून दाखवलं. पोरांनी गजर केला तिथं त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले की कोर्टात शिपाई माह्यं नाव पुकारे, तवा संगं कोनी उठत नोतं.

इतक्या वर्षांत त्या कोर्टाबद्दल बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. सासूबाई चुलीपुढं पदर डोळ्याला लावून बसल्या.

संध्याकाळी मी अंगण झाडत होते, तर जवळ येऊन हळूच विचारलं की पोट्टे कितीक जोरानं ओरडले असतीन? मी काय तिथं होते? तरी सांगितलं, लई जोरानं.

पुढच्या रविवारी पहिल्या बसनं त्यांना घेऊन येते. फ्लेक्स नको, हार नको, खुर्चीही नको. लीग नाही तर नाही. पोरांना फक्त तेवढं एकदा त्यांच्यासमोर ओरडायला सांग.

माझा लोभ आहेच, तुझाही राहू दे.

तुझी,
दीपमाला